कुणीच नाही गेलं तर अध्यक्ष

सर, काल आपली वार्षिक सभा झाली आणि बदलीच्या कलमात दुरुस्ती करणारा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतानं म्हणजे माझ्याही मतानं. ठराव टाइप होऊन समोर टेबलावर पडला आहे, खाली अध्यक्ष म्हणून माझी सही तेवढी राहिली आहे. ती झाली की कागद नोंदणीला जाईल. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, कारण असले प्रकार मला पटत नाहीत. आज दुपारचे पेशंट संपल्यावर सही करायला पेन उचललं, आणि सही करायच्या ऐवजी वही पुढं ओढली. सभेत शंभरावर डॉक्टर होते, पण मला विचारायचा तो प्रश्न कुणीच विचारला नाही. तुम्ही विचारला असता. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

कलम तुमच्याच अक्षरातलं. सभासदाला आजारपण, लग्नकार्य किंवा मयत यासाठी दवाखाना सोडावा लागला तर जवळच्या सभासदानं तिथं बदली बसावं. कुणीच नाही गेलं तर अध्यक्षानं जावं. संघटना आता सगळ्या जिल्ह्याची झाली आहे, सोलापुरात दोन खोल्यांचं ऑफिस आहे, सभा हॉलमध्ये भरते, व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या असतात. घटनेत पुष्कळ कलमं आली आणि गेली. त्या दोन वाक्यांना मात्र कालपर्यंत कुणी हात लावला नव्हता. काल तिसरं वाक्य जोडलं: साठ वर्षांवरील अध्यक्षास ही अट लागू राहणार नाही, कार्यकारिणीचे सदस्य यादीप्रमाणे जातील. मी अडुसष्ट वर्षांची आहे.

संघटना मंगळवेढ्याला तुमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली हे आताच्या सभासदांना खरं वाटत नाही. पुढच्या खोलीत दवाखाना, मधल्या खोलीत औषधं आणि दोन खाटा, त्यामुळं दार लावून बसता येईल अशी जागा स्वयंपाकघराचीच होती. रविवारची दुपार. सहा डॉक्टर पाटांवर मांडी घालून बसलेत, मी सातवी, चुलीच्या बाजूला. मी पंचवीस वर्षांची, सोलापुरात शिकून नुकतीच तुमच्या हाताखाली आलेली, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. तुमची बायको, आम्हा सगळ्यांची अक्का, प्रत्येकाला आल्या आल्या 'ऊटा आय्ता?', जेवण झालं का, असं तिच्या कन्नडमध्ये विचारते आहे आणि जेवून आलो म्हणणाऱ्यापुढंही कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवते आहे. दक्षिणेकडच्या एका गावच्या डॉक्टरची आई वारली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोकं भादरलेल्या अवस्थेत दवाखाना उघडला होता, कारण विंचू चावलेलं पोर घेऊन एक बाई पायरीवर बसून राहिली होती. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही कुणाला काही न सांगता दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दवाखान्यात जाऊन बसलात, तेराव्यापर्यंत. त्या रविवारी तुम्ही बाकीच्यांना एवढंच विचारलंत की हे आपण सगळ्यांनी एकमेकांसाठी करायचं का.

सगळे हो म्हणाले. मग अध्यक्ष कोण यावर शिष्टाचार सुरू झाला. हा म्हणतोय तुम्ही व्हा, तो म्हणतोय छे छे, वयानं तुम्ही मोठे. अर्धा तास तोच खेळ. अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "अध्यक्ष कशाला पाहिजे म्हणते मी. कुणीच न्हाई गेलं तर जाणारा एक माणूस ठरवा की, झालं." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. खिशातून प्रिस्क्रिप्शनचं पॅड काढून ते वाक्य लिहून घेतलंत. अक्का अक्कलकोटकडची, मराठी तिला लग्नानंतर आलेली, सही कन्नडमध्ये करायची. आपल्या घटनेतलं सगळ्यात जड वाक्य तिचं आहे. इतिवृत्तात तसं लिहिलेलं नाही, कारण इतिवृत्त मी लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या बाईचं नाव ठरावात घालायचं मला सुचलं नाही.

माझी पहिली बदली तुम्हाला आठवत असेल. बहिणीच्या लग्नाला गेलेल्या डॉक्टरच्या जागी चार दिवस बसायचं होतं. त्या गावात येईल त्याला सुई टोचायची पद्धत होती. सर्दीला सुई, थकव्याला सुई, नुसतं चैन पडत नाही म्हणून सुई. पहिल्याच दिवशी एक म्हातारी कंबर दुखते म्हणून आली आणि माझ्याशी बोलायच्या आधी दंड उघडा करून बसली. मी म्हटलं, आजी, सुईची गरज नाही, या गोळ्या घ्या. ती म्हणाली, "मग आमचा डाक्टर इतकी वर्सं टोचतुया ते?" मी म्हटलं, उगीच टोचत होता. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावात झालं. पुढच्या आठवड्यात त्या गावचे आठ-दहा पेशंट एसटीनं मंगळवेढ्याला 'त्या नव्या बाई' शोधत आले. मला मनातून बरं वाटलं. तुम्ही पहिल्याच पेशंटला गाव विचारलंत, मग दुसऱ्याला, आणि दवाखाना आटोपल्यावर मला म्हणालात, डॉक्टरीणबाई, स्कूटरवर बसा.

तुम्ही मला थेट त्या सुयांच्या गावी नेलंत. त्या दवाखान्याच्या दारात स्कूटर लावलीत आणि मला पेशंटच्या बाकावर बसवून स्वतः झाडाखाली जाऊन उभे राहिलात. नंबर आला की आत जायचं, म्हणालात. नेमकी तीच म्हातारी माझ्या शेजारी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमाला बी सुई घ्यायची व्हय?" पाऊण तास मी तिथं बसले. आत जायच्या आधी तुम्ही जवळ आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "औषधाचं तू बरोबर बोललीस. पण त्याच्या खुर्चीत बसून, त्याच्या पेशंटला, त्याच्या पाठीमागं बोललीस. उद्या तो आपल्या दवाखान्याची किल्ली कुणाला देईल?" आत गेल्यावर दार लावून मी त्या डॉक्टरला तोंडावर सगळं सांगितलं, आधी माफी आणि मग सुयांचं. तो लाल झाला. थोड्या वेळानं म्हणाला, पोरी, सुई नाही टोचली तर हे लोक म्हणतात डॉक्टरनं काही केलंच नाही, मग मी काय करू ते सांग.  पुढच्या सभेत त्यानं स्वतःच तो विषय काढला. सुया बंद झाल्या नाहीत, पण कमी झाल्या. आज वाटतं, संघटना म्हणजे काय ते मी त्या बाकावर शिकले. तेव्हा मात्र मी तुमच्यावर महिनाभर रागावले होते, आणि तुम्ही तसं कळू न देता माझ्याकडून रोज दुप्पट काम करून घेत होतात.

दोन वर्षांनी मी माझा स्वतःचा दवाखाना काढायला निघाले तेव्हा तुम्ही सुताराकडून करून घेतलेली एक पाटी दिलीत. एका बाजूला 'डॉक्टर आहेत', दुसऱ्या बाजूला 'बदली डॉक्टर आहेत'. मी विचारलं, डॉक्टर नाहीत असं कुठं लावायचं? तुम्ही म्हणालात, ते लिहायला जागा उरली नाही.

आणि तो वाद. निवडणूक नको, सगळं गोडीनं चाललंय, असं सगळे म्हणत असताना तुम्ही हट्टानं निवडणूक लावलीत. तुमच्याविरुद्ध एक जण उभा राहिला, वेळापूरकडचा. सभेत तो म्हणाला की ही संघटना म्हणजे तुमच्या घरची पंगत आहे, तुम्ही वाढाल ते आम्ही खायचं. अक्काचं जेवण पाच वर्षं खाल्लेला माणूस हे बोलला याचा मला इतका संताप आला की इतिवृत्त लिहिताना निब वाकडी झाली. तो हरला. पुढं दोन महिन्यांत त्याची मोटरसायकल घसरली आणि पाय मोडला. त्यानं कुणालाच कळवलं नाही. तुम्हाला पेशंटकडून कळलं आणि तुम्ही कुणाला न विचारता एसटीनं त्याच्या गावी गेलात. सतरा दिवस. एक दिवस अक्कानं डबा देऊन मला पाठवलं. तो आतल्या खोलीत प्लास्टर घालून पडलाय, तुम्ही बाहेर त्याच्या टेबलाशी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगताय, चार दिवसांचंच देतो, पुढचं तुमच्या डॉक्टरना विचारा. मी न राहवून म्हटलं, सर, यानं तुम्हाला भरसभेत काय काय म्हटलं. तुम्ही डब्याचं झाकण काढत म्हणालात, "मला मत दिलेल्यांचाच मी अध्यक्ष असतो तर निवडणूक कशाला घेतली असती? पंगतच घातली असती की." आतून तो हसल्याचं ऐकू आलं.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी अध्यक्षपदाला उभी राहिले. समोर करमाळ्याकडचा एक डॉक्टर होता, पंचेचाळिशीचा, हुशार, कामाचा. त्याला तरुण डॉक्टरांसाठी प्रशिक्षण हवं होतं, सभासदांच्या तक्रारी ऐकायला वेगळी समिती हवी होती. गोष्टी चुकीच्या नव्हत्या. पण मी एका तरुण सभासदाला उशिरा आल्याबद्दल झापलं तेव्हा तो माइकवर म्हणाला, "मॅडम, ही संघटना आहे, शाळा नाही." सगळा हॉल हसला. मागच्या रांगा तर फारच. मी थोडक्यात निवडून आले. त्याचे दोन्ही मुद्दे पुढं मी अमलात आणले, त्याचं नाव न घेता. ते हसणं काही मी विसरले नाही.

गेल्या वर्षी त्याच्या वडिलांना सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. त्यानं संघटनेच्या ग्रुपवर लिहिलं की दहा दिवस बदली हवी. हल्ली बदलीला सहज कुणी तयार होत नाही, सर. प्रत्येकाच्या दवाखान्यात कॉम्प्युटर, स्वतःचं मेडिकल दुकान, वर शहरात शिकणारी मुलं. अनेकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, वडिलांना लवकर बरं वाटो. जातो असं कुणी लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मला वेगळा मेसेज आला: "मॅडम, कुणी मिळालं नाही. नियमाप्रमाणे तुम्हाला विचारतोय." 'नियमाप्रमाणे' हा शब्द मी दोनदा वाचला. मग उत्तर लिहिलं की गुडघ्यांनी फार त्रास दिला आहे, प्रवासाला मनाई आहे. माझे गुडघे ठणठणीत होते. मला त्याच्या टेबलाशी बसायचं नव्हतं, त्याच्या पेशंटनी मला अध्यक्ष म्हणून बघण्याआधी त्याची बदली म्हणून बघायला नको होतं. त्याचं उत्तर आलं, काळजी घ्या मॅडम.

तो रोज सोलापूरला जाऊन येऊन करत राहिला. सकाळी करमाळा, दुपारनंतर वडिलांजवळ. पाचव्या दिवशी सकाळी वडील गेले तेव्हा तो एका बाळंतिणीचं बीपी बघत होता. मी भेटायला गेले. सतरंजीवर सगळे बसले होते. मी खाली बसायला लागले तर तो उठून आला, स्वतः खुर्ची आणली आणि बायकोला म्हणाला, मॅडमना खाली बसवू नका, गुडघे दुखतात त्यांचे. मी त्या खुर्चीवर बसले, सर. वीस मिनिटं बसले, चहा घेतला, आणि इतके दिवस कसं निभावलंत असं विचारलंसुद्धा.

आणि काल हा दुरुस्तीचा ठराव मांडला तो त्यानंच. साठी उलटलेल्या अध्यक्षांवर असा भार टाकणं योग्य नाही, म्हणाला, त्यांच्याऐवजी कार्यकारिणीतल्या तरुण सदस्यांनी पाळीपाळीनं जावं, पाळीची यादी आधीच लावून ठेवावी. माझं नाव त्यानं घेतलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं प्रेमानं बघितलं. मागची रांगही. अनुमोदन झालं, हात वर गेले. माझाही गेला. गेल्या वर्षी तुम्ही का गेला नाहीत, हे मला कुणी विचारलं नाही. सभेनंतर दोन-तीन तरुण डॉक्टरणींनी येऊन मला जिन्यावरून उतरताना हात दिला, आणि मी तो धरला.

तेव्हा सही करायच्या आधी त्याच्याशी बोलायला हवं एवढं मला कळत होतं. इथपर्यंत लिहून मी वही मिटली आणि त्याला फोन लावला. तो म्हणाला, बोला मॅडम, गुडघे कसे आहेत? मी म्हटलं, "चांगले आहेत. गेल्या वर्षीही चांगलेच होते." पलीकडं पेशंटची कुजबुज ऐकू येत होती. त्यानं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "माहीत आहे मॅडम. त्याच आठवड्यात शिबिराला तुम्ही टेकडीवरच्या वस्तीवर चालत गेला होता. फोटो ग्रुपवर तुम्हीच टाकला होता."

मी अध्यक्ष आहे आणि आरोग्य शिबिराचा फोटो अध्यक्षानं टाकायचा असतो, म्हणून टाकला होता. ग्रुपवर अडीचशे डॉक्टर आहेत. म्हणजे ज्यानं लक्षात ठेवायचं ठरवलं त्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या खुर्चीवर मी बसले तेव्हाही त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग ठराव का मांडलात? मला लाजवायला? तो पटकन म्हणाला, नाही मॅडम, तसं नाही. पुढं म्हणाला, "आधी वाटलं होतं तसं करावं. मग वाटलं, तुमच्यासारख्या माणसाला खोटं बोलायला लावणारा नियम असेल तर नियमातच काहीतरी कमी आहे. वडिलांच्या वेळी मला अध्यक्ष नको होता. कुणीतरी डॉक्टर हवा होता."

 इतकी वर्षं मी लोकांना झापताना तुमचं उदाहरण देत आले. सर असे गेले, सर सतरा दिवस बसले. खरं सांगायचं तर तुमच्यानंतरच्या अध्यक्षांपैकी फार कमी जण गेले. एकानं पुतण्याला पाठवलं, एकानं तीन दिवस बसून दहा दिवस लिहवून घेतले. लिहिणारी मीच होते. तुमच्याइतकाच चांगला माणूस दर वेळी निवडून येईल असं धरून आपण तो नियम केला. अक्कानं सुद्धा तुम्हालाच समोर बघून ते वाक्य म्हटलं असणार. यादी लावून ठेवली असती, मग ती माझ्या वैऱ्यानं केलेली का असेना, तर त्या सकाळी तो मुलगा वडिलांच्या उशाशी असता.

मी त्याला विचारलं, वर्षश्राद्ध कधी? म्हणाला, गुरुवारी. दवाखाना? बंद ठेवणार, एका दिवसाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, उघडा ठेवा, मी येते. त्यानं दार उघडून कंपाउंडरला गुरुवारी दवाखाना चालू आहे असं सांगितलेलं ऐकू आलं. मग म्हणाला, "चालू औषधं बदलायची नाहीत हं मॅडम." मी म्हटलं, मला शिकवू नका. तो हसला. त्या सभेतल्यासारखंच हसला, पण मला राग आला नाही. किल्ली कंपाउंडरकडं असेल, सकाळची पहिली एसटी धरली तर नऊपर्यंत पोचाल, म्हणाला.

पुढच्या सभेत गेल्या वर्षीची गोष्ट मी सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि ती इतिवृत्तात जाईल, माझ्या नावासकट. त्यानंतर त्यांना दुसरा अध्यक्ष हवा असेल तर त्यांनी तो निवडावा.

ठरावावर मी आत्ता सही केली, सर. तुम्ही असता तर मी आधी तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही मान हलवून नाही म्हणाला असता, अध्यक्षानं जायलाच पाहिजे म्हणाला असता, आणि करमाळ्याच्या त्या डॉक्टरचं बरोबर आहे असं आतून वाटत असूनही मी पेन खाली ठेवलं असतं. तुम्ही नाहीत म्हणून मला सही करता आली.